सावद्याच्या नानांची पुसलेली तक्रार

मला देवमाणूस म्हणू नका रे, आधी ऐका. सावद्याचे एक नाना बागेत लोंबणाऱ्या विजेच्या तारेची तक्रार आमच्या वीज कंपनीच्या जळगावच्या हेल्पडेस्कवर रोज नोंदवायचे. आढावा बैठकीत यादी छोटी दिसावी म्हणून कोणीतरी त्यांच्या सगळ्या तक्रारी उडवून टाकल्या. आठवड्याभरात त्याच तारेचा शॉक लागून नाना गेले.

नानांचा मुलगा माझ्याकडे आला. "नानांनी कळवलं होतं, अन् तुमचे लोक म्हणतात नोंदच नाही."

दोन दिवस खपून मी बॅकअपमधून नोंद काढली, छापून त्याच्या हातात दिली.

त्यानं हात जोडले. "साहेब, तुम्ही होते म्हणून सापडलं. पण ती पुसली कोनी?"

"ते बॅकअपमध्ये दिसत नाही," मी म्हणालो.

तो केळीची फणी टेबलावर ठेवून गेला.

दिसतं रे. माझंच नाव होतं.