सवतीच्या दारात

नाव: तेक्ला केरेंगा. वय: अंदाजे बत्तीस, जन्माची नोंद नाही. धंदा: शेती, व बाजारात रताळी आणि पालेभाजी विकणे. राहणार: चुआवेच्या वरच्या अंगाची वस्ती, सिंबू प्रांत.

मी वरील ठिकाणची राहणारी, आज ठाण्यात स्वतः येऊन, हवालदार हाने बाईंनी विचारल्यावरून सांगते ते असे.

जोआकिम वाइने हा माझा नवरा आहे. तो लाए ते हागेन रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो. लग्नात त्याच्या माणसांनी आमच्या रीतीप्रमाणे माझ्या बदल्यात माझ्या भावाला डुकरे दिली. आम्हाला मुलगी रोझवीटा व मुलगा पायस अशी दोन मुले आहेत.

जोआकिम पहिल्यापासून मारतो. प्रत्येक वेळचे सांगता येणार नाही. माझे डावीकडचे दात पडले तेव्हा रोझवीटा पोटात होती. त्या वेळी दवाखान्यात माझे रक्त तपासले, त्यात काही निघाले नाही. तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितले, "तुझा नवरा गाडीवर असतो, मुक्कामाला बाहेर राहतो. त्याला कंडोम वापरायला सांग." तिने दिलेले पाकीट मी घरी नेले. जोआकिम म्हणाला, "हे कुणासाठी आणलंस? तुझ्या भावाला डुकरं दिलीत मी. फुकट नाही आणली तुला." त्यानंतर त्याने काय केले ते मी हाने बाईंना तोंडी सांगितले आहे. ते लिहू नये अशी माझी विनंती होती. बाई म्हणाल्या, लिहावे लागेल. तर असे लिहावे की, मी नाही म्हटले होते आणि त्याने ऐकले नाही. असे पुढेही पुष्कळदा झाले.

रोझवीटा झाल्यावर मी तिला घेऊन माझा भाऊ सियुने याच्याकडे गेले होते. तो म्हणाला, "डुकरं खाऊन झाली, तेक्ला. त्यांना परत काय देऊ, हाडं?" त्याने स्वतः मला परत आणून सोडले.

पायस पोटात असताना पुन्हा रक्त तपासले. त्या वेळी एचआयव्ही निघाला. जोआकिम म्हणाला, "बाजारात बसतेस ना, तिथूनच आणलास." हेच त्याने वस्तीत सगळ्यांना सांगितले. मी दुसऱ्या कुठल्याही पुरुषाकडे गेलेली नाही. त्याने स्वतःचे रक्त तपासून घेतले नाही. माझ्या गोळ्या एकदा चुलीत टाकल्या. सिस्टरने दुसऱ्या दिल्या, त्या मी डब्यात घालून रताळ्याच्या वाफ्यात पुरून ठेवते आणि रोज संध्याकाळी उकरून घेते. पायसचे रक्त आतापर्यंत तपासले त्यात काही निघालेले नाही. इथे बाईंनी पाणी दिले.

यंदा कॉफी तोडणीच्या दिवसांत मला कळले की, जोआकिमने गोरोका शहरात लीनेट ओमाहे नावाची तरुण बाई ठेवली आहे. बाजारातल्या बायका म्हणाल्या, "कोयता घेऊन जा, चांगली सोल तिला." मी पायसला, आम्ही मुले नेतो त्या जाळीच्या पिशवीत घालून गेले. कोयता नेला नव्हता.

लीनेटच्या दारात मी जाताच आजूबाजूची माणसे मारामारी बघायला जमली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. लीनेट बाहेर येऊन म्हणाली, "मी नाही ओढून आणला त्याला. मारायचं तर मार, फक्त तोंडावर नको." मी म्हटले, "चहा आहे का?" तिला आधी समजले नाही. मग तिने मला आत घेतले आणि दार लावले. माणसे बराच वेळ बाहेर उभी होती.

मी तिला माझ्या रक्ताचे सांगितले. ती म्हणाली, "त्याला परत न्यायचाय म्हणून खोटं बोलतेस तू."

"ठेव त्याला. मला नकोय. पण तुझं रक्त तपासून घे. त्याला विचारू नकोस, सांगूही नकोस. नुसती जा."

मग मी विचारले, "तुलाही कुणी पाकीट दिलं होतं का? त्याला दाखवलंस?"

तिने बाही वर करून दंड दाखवला. म्हणाली, "मला वाटलं, तुझ्याशी तो बरा वागत असेल. लग्नाची आहेस म्हणून." मग विचारले, "ताई, तू येशील माझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. तिच्या रक्तात काय निघाले हे तिचे आहे. ते मी सांगणार नाही.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी गोरोकाच्या बाजारात रताळी मांडून बसले होते. लीनेट शेजारी होती, ती पाणी आणायला उठली. तेवढ्यात जोआकिम चाक खोलायचा पाना घेऊन आला. "माझी अब्रू काढतेस गावोगाव?" असे म्हणून त्याने मारायला सुरुवात केली. पायस माझ्या छातीशी होता म्हणून मी पाठ केली. पाठीवर, खांद्यावर व उजव्या हातावर मार बसला. उजव्या हाताचे हाड मोडले आहे. पायसला लागलेले नाही. पुष्कळ माणसे उभी होती. एक जण म्हणाला, "नवरा-बायकोचं आहे, मध्ये पडू नका."

लीनेट पळत आली आणि माझ्या व त्याच्या मध्ये उभी राहिली. ओरडली, "मलाही मार ना! घरात मारतोस तसा इथे मार, बघू देत सगळ्यांना!" त्याने पाना उगारला, पण मारला नाही. मग आसपासच्या बायका उठल्या. त्यांनी त्याला धरून पाना काढून घेतला आणि पोलीस येईपर्यंत त्याला सोडले नाही.

जोआकिमची माणसे काल माझ्या भावाकडे आली होती. तक्रार मागे घेतली तर भरपाई म्हणून डुकरे देऊ म्हणतात. सियुने घ्यायला तयार आहे. मी तयार नाही. सियुनेला कुणी मारलेले नाही.

जोआकिम मरावा असे मला वाटत नाही. त्याने रक्त तपासावे, लागल्यास गोळ्या घ्याव्यात. परंतु त्याने माझ्या, मुलांच्या व लीनेटच्या जवळ येऊ नये, असा लेखी हुकूम मिळावा. लीनेट बाहेर बाकावर पायसला घेऊन बसली आहे. तिलाही जबाब द्यायचा आहे.

हा जबाब बाईंनी मला आमच्या पिसिन बोलीत वाचून दाखवला. त्यात एका जागी "नवरा-बायकोच्या भांडणात झालेली दुखापत" असे आले होते. मी भांडत नव्हते, रताळी विकत होते, असे सांगितले. त्यावरून ते शब्द खोडून "नवऱ्याने मारल्याने झालेली दुखापत" असे लिहिले व पुन्हा वाचून दाखवले. आता मी सांगितले तसेच आहे.