पियानोची तोंडी परीक्षा

वडिलांचं तेरावं आटोपून मी लातूरहून बसनं नांदेडला परतत होते. चाकूरला मागच्या सीटवर बाप-लेक येऊन बसले. लेकीची नांदेडला पियानोची परीक्षा होती. बाप तिच्या वहीतून संगीताच्या इतिहासाचे प्रश्न विचारायला लागला.

"रोमँटिक काळ कधीचा?"

"एकोणिसावं शतक. शोपँ, लिस्ट, वाग्नर."

"यांचे उस्ताद कोण?"

"पप्पा, ते परीक्षेत विचारत नाहीत!"

"आमच्या बँडात पहिलं तेच विचारतेत. पुढं सांग."

"मग आधुनिक काळ. शोनबर्गनं बाराही सूर सारख्याच मोलाचे मानले. सा असा कुठलाच नाही."

"सा न्हाई? मग फिरून परत कुठं यायचं?"

"कुठंच यायचं नाही. तेच तर नवीन होतं."

"आन् लोकांनी ऐकून घेतलं?"

"त्याच्या मैफलीत मारामारी झाली."

"वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून राहिलो, समू. वरातीत लई मारामाऱ्या पाहिल्या. सुरावरून एकबी न्हाई."

"हळू बोला ना! आणि हे बघा, तिथं आत येऊ नका. परीक्षकांनाही त्यांचे उस्ताद विचाराल."

"हाव, विचारीन की."

"मग गेटच्या बाहेरच थांबायचं."

"गेटापर्यंत ऐकू येतंय का तुझं वाजवणं?"

"नाही येत."

"मग आताच वाजव. हे घे, माझ्या हातावर."

"बसमध्ये? पप्पा, लोक बघतायत!"

"बघू दे. कोणता सूर कुठं हाय, तेवढं सांगत जा."