नोकरी गेल्याचा विमा

मोफत सल्ला केंद्राच्या बाकावर आजोबा चुळबुळत बसले होते. चूक आपलीच असणार, उगाच कशाला विचारायचं, असं म्हणून ते उठणार, तोच आतल्या खोलीतून शिंपीणबाई धावतच बाहेर आल्या आणि शेजारी बसलेल्या भावजयीला त्यांनी गदागदा हलवलं.

“वहिनी, हप्त्यांसाठी शिलाई मशीन विकायचं नाही!”

“अगं, हळू! मॅडम काय म्हणाल्या?”

“विचारलं, नोकरी कुठे करता? म्हटलं, जन्मात केली नाही, घरीच शिवते. कपाळावर हातच मारला त्यांनी! कर्जाबरोबरचा तो विमा नोकरी गेली तरच हप्ते भरतो म्हणे.”

“नोकरीच नाही, तर जाणार कुठून?”

“तेच तर! विम्याचे पैसे परत मागायचे. अर्ज त्याच लिहून देणार आहेत.”

“पण विम्याशिवाय कर्ज मिळत नाही, असं तो कर्जवाला गोडबोल्या म्हणाला होता ना?”

“थाप! आणि तुम्ही त्याला दोनदा चहा पाजलात.”

“आता येऊ दे, उकळता पाजते!”

आजोबांनी घसा खाकरला. मग पुन्हा एकदा खाकरला.

“ताई, माफ करा, कानावर पडलं म्हणून विचारतो. मलाही कर्जाबरोबर तोच विमा दिलाय. पण मी तेव्हा निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाची नोकरी जाते का हो?”

“अहो आजोबा, उठा आधी! वहिनी, दार धरा, मॅडम जेवायला निघाल्या!”