घंटा वाजली तर

कोल्हापुरात नव्यानंच सुरू झालेल्या एस.टी.च्या रांगेत कालिंदीबाईंच्या पुढं पाणीखात्यातला एक कामगार बायकोला समजावत होता.

"पानी साफ करायचा गॅस सुटला की घंटा वाजणार. आमी लगीच टेकडीवर पळायचं."

"वर का?"

"गॅस जड असतोय. खालच्या अंगाला उतरतोय."

"खाली तर आपली चाळ हाय की."

"व्हय."

"मग मी पोरास्नी घिऊन वर येऊ?"

"वाटंतच गाठंल तुमास्नी."

"मग घरातच बसू?"

"तसं न्हाय."

"मग कसं?"

"म्याबी सायबांना तेच इचारलं."

"काय म्हनले?"

"हुकमाचा कागद पुन्यांदा वाचून दावला."

कालिंदीबाईंची गाडी आली, पण त्या ऐकत रांगेतच थांबल्या.

कामगाराची बायको नवऱ्याला म्हणाली, "मग तुमीबी पुन्यांदा वाचा. त्यात आमी कुटं हाय ते बगा."