मिठाच्या उजेडातलं कुंकू

— न्हाई मास्तर, केस मिळायचा न्हाई! पोरीचा तर न्हाईच न्हाई. ह्या बंगल्याचा राखणदार म्हणून पाणी भरतो, भाकरी देतो — पन केस मागू नका. गेल्या साली मागितलात, दिला का न्हाई ह्या लखूनं? मीच म्हणलं, सुंदरे, दे गं, बेळगावचं मास्तर हायत, शिकलेलं मानूस. तुमी भरदुपारी दारं-खिडक्या लावल्या, दोन काचा एका अंगाला टेकवल्या, दुसऱ्या अंगाला मधी तिचा केस सारला, दिव्याच्या वातीवर मीठ टाकलं, उजेड पिवळाजर्द झाला — आन् काचेवर काळ्या रेघा उठल्या, वळीनं, नांगरल्यावानी! तुमी खुशीत त्या मोजून केसाची जाडी काढत बसला. मी काय बघत हुतो? पोरीचं तोंड. मढ्यावानी झालेलं. आन् कपाळावरचं कुंकू — काळंठिक्कर! लगीन पंधरा दिसांवर आलेलं, आन् कुंकू काळं. काय समजावं बापानं?

तुमी गेलात. मी दुसऱ्या दिशी नंदिगड्ड्याला गेलो — म्हंजे, जरा काम हुतं... काम कसलं डोंबलाचं! पोर ज्याला दिली हुती, त्या गुणाच्या बापाला सांगाय गेलो. तुमचा पोरगा जगावा वाटत असंल तर माझी पोर करू नका म्हणलं. माझ्याच तोंडानं. गुणानं हात जोडले, पाया पडला, मी ऐकलं न्हाई. शिमग्याआधी त्यास्नी दुसरी पोरगी बघितली. आमची सुंदरी आता कुनाच्या लग्नाला जाईत न्हाई — लोक पांढऱ्या पायाची म्हंत्यात. लोकांस्नी कुनी सांगितलं? मीच की.

काय? माझा केस? घ्या, उपटा — म्हाताऱ्याचं काय व्हायचं ऱ्हायलंय! लावा दार. टाका मीठ.

थांबा... ह्या रेघा माझ्या केसाच्या? तश्याच? आन् माझं मुंडासं — तांबडं हाय हो ते, सकाळीच बांधलंय — काळं कसं दिसतंय? उघडा, दार उघडा आदी! तांबडंच हाय. म्हंजे कुनाचंबी? तुमचा केस घातला तरी? काचांच्या मधी जरासा वारा ऱ्हातो, त्यात उजेड उजेडाला भिडतो, म्हणून रेघा? आन् मिठाच्या उजेडात तांबडं समदंच काळं? आन् मी त्याच्यावर पोरीचं लगीन मोडलं?

मग तवाच का बोलला न्हाई, मास्तर... न्हाई, तुमचं काय चुकलं. मी इचारलंच न्हाई. सरळ नंदिगड्ड्याची वाट धरली.

घागर वाजली. सुंदरी आली. तुमी भाईर जावा. न्हाई, तुमी सांगू नका, काय बी बोलू नका — जावा म्हणतो न्हवं! दिवा आन् मीठ ऱ्हाऊ द्या हितंच. — सुंदरे, घागर उतर. दार लाव, इकडं ये. बापानं तुझं वाटोळं कशापायी केलं, ते बघ.