काचेच्या अलीकडून

नाही, नाही, डावखुरं इथं कुणी नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी नाही. काय म्हणालात, डावखुरी ताई? असं कुणी राहत नाही इथं, तुम्ही चुकून आलाय — आणि त्या काचांना टेकू नका हो, नुसत्या उभ्या ठेवल्यात त्या, एक सरकली तर सगळ्या जातील आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर. इकडे या. या स्टुलावर बसा, ताई — नाही, ताई नको, मॅडम म्हणतो. बसा मॅडम. पत्ता कुणी दिला तुम्हाला? व्हिडिओत? व्हिडिओत कुठाय पत्ता? ... अच्छा, स्टिकर. काचेच्या कोपऱ्यातला, दुकानाचं नाव नि फोन नंबर. बघा म्हणजे. तो स्टिकर पहिल्यापासून त्या काचेवर आहे, सगळ्या व्हिडिओंत आहे, पण बाकीच्यांत तो उलटा दिसतो म्हणून कुणाला कधी वाचता आला नाही. या शेवटच्यातच सरळ आला. म्हणजे मीच तुम्हाला आमंत्रण धाडलं म्हणायचं.

बरं, ते शेवटच्या व्हिडिओचंच ना? स्टिकर सरळ आणि गणित सगळं उलटं. माहितेय. शंभर वेळा वाचलंय ते — ‘ताई, व्हिडिओ उलटा चढलाय’, ‘ताई, अक्षरं वाचता येत नाहीत’. थांबा, थांबा — तुम्हीच का त्या, ज्यांनी ‘परीक्षा आलीय, कृपया लवकर दुरुस्त करा’ असं लिहिलं होतं? आणि उत्तर काय आलं होतं? ... हां. ‘आधी डोळे तपासून घ्या.’ तुम्हाला बरं लिहिलं हो, तुमच्यानंतरच्याला तर मी — जाऊ दे. त्याला ब्लॉकच केलं. काय? ताई असं कधीच बोलत नाही? मग मी काय सांगतोय! ती कशाला असं बोलेल? तिला तर एकच प्रश्न दहा जणांनी विचारला तरी दहाही जणांना पहिल्यापासून समजावायची, मी म्हणायचो, अगं, एकदा लिही आणि तेच चिकटव ना सगळ्यांना, तर म्हणायची, प्रत्येकाचं अडतं वेगळ्या ठिकाणी. ते उत्तर मी लिहिलं. मी भाऊ तिचा, तिच्या नावानं आता मीच लिहितो. — का म्हणजे? का म्हणजे काय? ती लिहू शकत नाही म्हणून.

नाही, आजारी नाही. ... नाही हो, गावाला पण नाही.

गेली ती.

आता असं बघू नका माझ्याकडे. खरंच नका बघू, येणारा प्रत्येक जण असंच बघतो आणि मग मीच त्याला पाणी देतो. देऊ का पाणी? डोक्यात रक्त साकळलं म्हणाले. सकाळी व्हिडिओ केला, दुपारी दवाखान्यात नेली, तिथंच — झालं. तुमच्यापैकी कुणाला सांगितलं नाही, बरोबर आहे. काय सांगू? कसं लिहायचं ते? लोक लिहितायत ‘ताई, तुमच्यामुळे पास झालो’, ‘ताई, पुढचा भाग कधी’, आणि त्याखाली मी लिहू की — मी आठवीत शाळा सोडलीय, मॅडम. मला ‘लवकरच’ एवढंच लिहिता येतं. तेच लिहिलं सगळ्यांना. लवकरच, लवकरच, लवकरच.

ती काच ना? हीच मागची खोली. ती मधोमध उभी काच दिसते ना, तीच. मीच कापून दिली, कडा मीच घासल्या, चौकटही मीच केली. ती त्या बाजूला उभी राहायची, मी या बाजूला फोन धरून. ती तिकडून काचेवर लिहायची, तिला सरळ, मला उलटं. कळतंय ना? तुमचं ते सगळं कॅल्क्युलस का काय, ते मी इकडूनच पाहिलंय, आयुष्यभर उलटंच. मग संध्याकाळी ती फोनवर एक बटण दाबायची आणि चित्र आरशातल्यासारखं फिरायचं, अक्षरं सरळ व्हायची. क्लासमध्ये दिवसभर शिकवून यायची आणि वर हे. मी म्हणायचो, फुकट कुणी शिकवतं का? तर म्हणायची, ज्यांना क्लास परवडतो त्यांना मी क्लासमध्ये शिकवतेच की, उरलेल्यांनी कुणाकडे जायचं? एकदा लाटांचा व्हिडिओ केला तेव्हा दोरीचं एक टोक मला धरायला लावलं, पाहिलात तो? तो थरथरणारा हात माझा. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘दोरी धरणाऱ्याला आधी जेवायला घाला.’ महिनाभर हसत होती त्यावर. मला जेवायला वाढताना मुद्दाम म्हणायची, घे, दोरीवाल्या.

काय? हो, बटण दाबायचं राहिलं माझ्याकडून. सांगितलं ना, आठवीत सोडली शाळा, मला काय कळतंय त्यातलं. मला इकडून तसंच दिसायचं, मला वाटलं, बरोबरच आहे. ... नाही, नको, तुम्ही नका करू. मिनिटभराचं काम आहे हे मलाही — नको म्हटलं ना! फोनला हात लावू नका! द्या इकडे! द्या!

... लागलं का? बघू. नाही ना? ओरडायला नको होतं मी. बसा. बसा हो, जाऊ नका अशा.

माहीत होतं मला ते बटण. मीच दाबायचो कितीदा, तिचे हात शाईनं भरलेले असायचे तेव्हा. त्या रात्री — त्या नाही, नंतर कधीतरी — हा व्हिडिओ उघडला आणि दाबलं बटण. आणि अक्षरं झाली सरळ, आणि ती — तुम्हाला नाही कळायचं. तिच्या या गालावर तीळ आहे, या, डाव्या. बटण दाबलं की तो तिकडे जातो. भांग तिकडे जातो. उजव्या हातानं लिहिणारी ती डाव्या हातानं लिहायला लागते. तुम्हा पोरांची ती डावखुरी ताई! नाव पाडलंत, तिलाही गंमत वाटायची, म्हणायची, बरंय रे, बाजारात कुणी ओळखणार नाही. पण ती डावखुरी नव्हती हो. इतके सगळे व्हिडिओ आहेत, तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये ती आहे, आणि एकातसुद्धा ती ती नाही! एवढा एकच आहे. या एकात ती मला इकडून जशी दिसायची तशी आहे. म्हणून चढवला तसाच. वाटलं, एकदा तरी लोकांनी तिला नीट बघावं. आणि लोक म्हणतात, उलटी आहे.

हो, तुमची परीक्षा आहे. परवा? ... हो, हा धडा आणखी कुठं असा सोप्या भाषेत नाही, ऐकलं मी. काचेवर? काचेवर काय राहणार? आईनं पुसली काच. पाहुणे येणार म्हणून ओल्या फडक्यानं लख्ख पुसली, मी दवाखान्याचे कागद आणायला गेलो होतो तेवढ्यात. तिला काय माहीत, तिला वाटलं, शाई आहे. तेव्हा आता जे काही आहे ते या फोनमध्ये, आणि ते मी फिरवणार नाही. फार बोललात तर सगळेच काढून टाकीन, हा बघा अंगठा कुठाय माझा — मग द्या परीक्षा! ... नाही काढत. नाही काढत हो. रडू नका. तुम्ही कशाला रडताय, तुमची कोण होती ती?

... तुमचीही ताईच, असं म्हणता.

थांबा. थांबा जरा, त्या फळीवर आरशाचा तुकडा असेल. हा मोठा होतोय, कापतो. — हं. झाला. या इकडे. फोन मी धरतो, माझ्याच हातात राहील. तुम्ही आरसा समोर धरा. फोनकडे नाही, आरशात बघा. थोडा तिरका. दिसतंय? वाचता येतंय सगळं? ... मग झालं तर. बटण न दाबता झालं. बाकीच्यांनाही सांगा, आरसा सगळ्यांच्या घरी असतो. लावतो, ऐका.

... हा माझा आवाज, ‘सरक जरा, चमकतंय’ म्हणणारा. ऐका आता. ‘थांबा, मी पाणी पिऊन येते, तोवर पुढचं तुमचं तुम्ही करून बघा.’ संपलं. पुढं नुसती काच आहे, मी बंद करायला विसरलो. येतंय का तुम्हाला पुढचं? ... खरंच येतंय? तिनं न सांगता? म्हणजे अर्धवट नाही राहिलेलं ते? मला तर वाटायचं — बरं. बरं झालं.

पुन्हा? लावतो. बघा. आरसा जरा खाली — नाही, माझ्याकडे नका करू. मला दिसतोय तो गाल. खाली घ्या. आरसा खाली घ्या म्हटलं ना!

... न्या तो. कागदात गुंडाळून देतो. कड घासलेली नाही, बोट कापेल, सांभाळून. आणि ते खाली लिहायचं, लोकांना — तुम्हीच लिहा काय लिहायचं ते, तुमच्या नावानं. माझ्यासमोर नको. निघा आता. मला ऑर्डरच्या काचा कापायच्यात, कापताना बोललं की रेघ सरळ जात नाही.