कुंकवाखालचं पोस्टर

...पलंगाखाली काय? पोस्टरं! कपाटावर काय? पोस्टरं! तुम्हाला सांगते, डोंबिवलीच्या वन बीएचकेत माणसांनी झोपायचं कुठे, हा प्रश्न आमच्या सुश्रुतला लग्नानंतर एकदाही पडलेला नाही. नौपाड्यात एक जुनं गायनमंदिर होतं, आता तिथे टॉवर होतोय, तर तिथल्या मैफलींची पोस्टरं गोळा करायची हा ह्याचा छंद! मी म्हटलं, अरे फोटो काढ, झकास कलर प्रिंट मार, कोणाला कळतंय? तर माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी आमटीत फिनेल ओतलं. म्हणे, ओरिजिनल पाहिजे!

पण एका पोस्टरच्या बाबतीत मीसुद्धा गप्प. आमचे सासरे जन्मभर मोठमोठ्या गवयांच्या मागे तंबोऱ्याला बसले. तंबोरेवाल्याचं नाव कोण छापतो हो? एकदाच छापलं, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. सासरे गेले तेव्हापासून हा ते शोधतोय... ठाकुर्लीचे भंगारवाले आता ह्याला नावाने हाक मारतात!

आणि सापडलं! गायनमंदिराचे जुने रखवालदार आबा, त्यांच्या गादीखाली, कोरं, खळीचा डाग नाही की घडी नाही. घोडबंदर रोडला ह्याच्या पोस्टरांचं प्रदर्शन होतं ना, म्हणजे अगदी वेळेवर. रिक्षात असं सांभाळून धरून आणलं, पोटचं पोर ह्याने कधी तसं धरलं नव्हतं. टेबलावर पसरलं, सासूबाईंना म्हणाला, हात लावू नकोस हां आई, ओरिजिनल आहे, आणि गेला कुठे? तर हातमोजे आणायला!

आता घरात नवी वस्तू आली की आपण काय करतो? मिक्सर आला, लावलं. स्कूटर आली, लावलं. सासूबाईंनी पाण्यात बोट बुडवून पोस्टरच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, आणि पाचवं बोट, चांगलं ठसठशीत, नेमकं तळाला, सासऱ्यांच्या नावावर. नाव गायब!

सुश्रुत हातमोजे घालत आला, बघतो तर हे! सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अरे, इतक्या वर्षांनी घरी आलेत ते. तसेच आत घ्यायचे?"

झालं! हा गेला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडला. मला ऐकू येतं हो, आमच्या भिंती पातळ आहेत.

तरी नेलं प्रदर्शनात. आणि तुम्हाला सांगते, बाकीच्या कोऱ्याकरकरीत पोस्टरांपुढून लोक भराभर पुढे, आणि ह्या एका पोस्टरसमोर चपला काढून उभे! एका काकांनी वाकून विचारलं, ह्या कुंकवाखाली काय आहे हो? मला वाटलं, आता हा भडकणार. पण नाही.

"माझे बाबा आहेत," म्हणाला.

आलं ना पाणी डोळ्यांत? मलाही आलेलं. आता पुढचं ऐका. पोस्टर घरी परत आलं, सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग पलंगाखाली वाकून बघत म्हणतात कशा, बाकीचे बिचारे तसेच आलेत रे घरात...

तेव्हापासून कुंकवाचा करंडा माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये असतो. चांदीचा आहे. ओरिजिनल!